अवकाशातील ठिपके आणि नोंदवहीतील नोंदी

१५ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेचे ‘डिस्कव्हरी’ हे अवकाशयान सुमारे पावणेसहाशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत होते. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारा एक उपग्रह त्याने नुकताच अवकाशात सोडला होता, आणि यानाच्या पाठीवरील उघड्या कक्षातला एक कॅमेरा पृथ्वीच्या काळोख्या बाजूकडे रोखलेला होता. त्याने पाठविलेल्या चित्रात क्षितिजाच्या कडेशी प्रकाशाचा एक ठिपका उगवल्यासारखा दिसतो आणि संथपणे पुढे सरकू लागतो. मग पडद्यावर एक लखलखाट होतो. ठिपका थबकतो, एकाएकी दिशा बदलतो आणि वेगाने दूर निघून जातो. पाठोपाठ दुसरी एक प्रकाशरेषा, जणू त्याच्यावर नेम धरून सोडलेली, त्याच भागातून सरकत जाते. सारा प्रकार अगदी थोडक्या वेळाचा. परंतु त्यावरून सुरू झालेला वाद तीन दशके उलटून गेल्यावरही शमलेला नाही.

परग्रहावरून आलेले एक यान पृथ्वीच्या वातावरणातून वर आले, त्याच्यावर पृथ्वीवरून एखादे गुप्त अस्त्र सोडण्यात आले आणि ते यान चपळाईने निसटले, असा या चित्राचा अर्थ अनेकांनी लावला. ‘नासा’ या अमेरिकन अवकाशसंस्थेने हे ठिपके म्हणजे यानाभोवती तरंगणारे हिमकण असल्याचे सांगितले, तेव्हा या खुलाशावरच अधिक संशय घेतला गेला. हे चित्रण आज कोणाच्याही हातातील फोनवर पाहता येते आणि शाळा-महाविद्यालयांतील मुले ते पाहतातही. ‘सर, हे खरे आहे काय?’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे? हसून प्रश्न उडवून लावणे सोपे आहे, आणि ‘असेलही बुवा, जगात काय नाही!’ असे म्हणणे त्याहून सोपे आहे. दोन्ही उत्तरांनी विद्यार्थ्याचे नुकसानच होते. कारण विश्वास कशावर ठेवावा आणि कशाच्या आधारावर ठेवावा, हे शिकण्याची आलेली संधी त्यात वाया जाते.

बाजू मांडणारे सारेच भाबडे नव्हते

परग्रहवासीयांच्या बाजूने बोलणारे सगळेच लोक भोळसट किंवा प्रसिद्धिलोलुप असतात, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. या प्रकरणात तो खरा ठरत नाही. ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक जॅक काशर यांनी या चित्रणाचा तपशीलवार अभ्यास केला आणि हिमकणांचा खुलासा टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. यानाच्या लहान इंजिनातून सुटलेल्या वायूच्या फवाऱ्याने जर हे कण ढकलले गेले असतील, तर त्यांच्या हालचालींची दिशा आणि त्यांना मिळालेला वेग त्या फवाऱ्याशी जुळावयास हवा, आणि तसा तो जुळत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ही आकडेमोड करून मांडलेली बाजू होती. तिला उत्तर द्यावयाचे तर तेही आकडेमोडीनेच द्यावयास हवे होते. उपहास हे तिचे उत्तर होऊ शकत नव्हते.

ते उत्तर देण्याचे काम मुख्यतः जेम्स ओबर्ग यांनी केले. ओबर्ग हे ‘नासा’च्या उड्डाण-नियंत्रण केंद्रात काम केलेले अभियंते आणि पुढे अवकाशविषयक लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेले गृहस्थ. त्यांनी ठिपक्यांकडे टक लावून पाहत बसण्याऐवजी वेगळेच प्रश्न विचारले. त्या क्षणी सूर्य कोठे होता? कॅमेरा कोठे बसविलेला होता आणि तो कोणत्या दिशेस पाहत होता? यानाच्या इंजिनांपैकी कोणते, केव्हा आणि किती वेळ चालले? या प्रश्नांची उत्तरे कोणाच्या मतात शोधावयाची नव्हती. ती मोहिमेच्या नोंदींत होती.

नोंदी असे सांगतात की, हे चित्रण झाले तेव्हा यानावर नुकताच सूर्योदय झाला होता. खालची जमीन अद्याप अंधारात होती, कॅमेरा रात्रीचे अंधुक दृश्य टिपण्याइतका संवेदनशील ठेवलेला होता, आणि यान मात्र उन्हात आले होते. अशा वेळी यानाभोवतीचा बारीकसा कणही काळ्या पार्श्वभूमीवर ताऱ्यासारखा चमकतो. यानाची स्वतःची सावली अवकाशात एका बाजूस लांबवर पसरलेली असते. तिच्यात असलेला कण दिसत नाही आणि तिच्यातून बाहेर पडला की एकाएकी प्रकट होतो. क्षितिजावर ‘उगवलेला’ ठिपका खरे म्हणजे सावलीतून उन्हात आलेला एक कण होता. या यानाला स्थिती व दिशा सावरण्यासाठी लहानमोठी मिळून ४४ इंजिने होती. त्यांतील एक त्याच क्षणी पेटल्याचे यानाच्या यंत्रणेने आपोआप नोंदवून ठेवले होते. पडद्यावरील लखलखाट हा त्या इंजिनाचा होता, आणि कणाची बदललेली दिशा ही त्यातून सुटलेल्या वायूची करामत होती.

एका त्रैराशिकाचा प्रश्न

या साऱ्या वादाची गुरुकिल्ली अंतराच्या प्रश्नात आहे, आणि ती शालेय गणिताने उघडता येते. पावणेसहाशे किलोमीटर उंचीवरून पाहणाऱ्याला पृथ्वीचे क्षितिज सुमारे २,७५० किलोमीटर दूर असते. समजा, कॅमेऱ्यापासून केवळ १० मीटरवर असलेला एक कण सेकंदाला १० सेंटिमीटर या मुंगीच्या चालीहून फारशा वेगळ्या नसलेल्या गतीने सरकला. पडद्यावर त्याने जेवढे अंतर कापलेले दिसेल, तेवढेच अंतर क्षितिजाजवळच्या वस्तूने कापावयाचे तर तिला सेकंदाला साडेसत्तावीस किलोमीटर, म्हणजे ताशी ९९ हजार किलोमीटर वेगाने धावावे लागेल. पडद्यावरील चित्र दोन्ही बाबतींत अगदी एकसारखे! एका कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात अंतर दिसत नाही. ते पाहणारा आपल्या मनाने भरतो. ज्याने ते क्षितिजाइतके धरले त्याला अचाट वेगाचे यान दिसले, आणि ज्याने ते हाताच्या अंतरावर धरले त्याला बर्फाचा कण दिसला. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणीचे याहून चपखल उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मंद प्रकाशात दोरीच्या ठिकाणी साप भासतो, हा दृष्टान्त भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. त्या दृष्टान्ताची खुबी अशी की, सापाचा भास होणाऱ्याचे डोळे अधू नसतात. दिसलेले खरेच असते. चूक होते ती दिसलेल्याला नाव देण्याच्या घाईत. ती घाई आवरावयाची तर दिवा आणावा लागतो, अथवा काठीने दोरी हलवून पाहावी लागते.

अवकाशप्रवासाच्या इतिहासात अशी काठी एकाने खरोखरच वापरली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालणारे जॉन ग्लेन हे पहिले अमेरिकन. सूर्योदयाच्या वेळी त्यांना आपल्या यानाभोवती हजारो चमकते कण, काजव्यांसारखे, तरंगताना दिसले. ते काय असावे, याविषयी तर्कवितर्कांना ऊत आला. तीनच महिन्यांनी, २४ मे १९६२ रोजी, स्कॉट कार्पेंटर यांनी त्याच प्रकारच्या यानातून उड्डाण केले आणि यानाच्या दारावर आतून हाताने ठोकून पाहिले. त्याबरोबर चमकत्या कणांचा एक लोटच बाहेर उसळला. यानाच्या बाह्यांगावर साचलेले ते दव-हिम होते; धक्क्याने सुटत होते आणि उगवत्या सूर्याच्या किरणांत चमकत होते. त्या काजव्यांचे गूढ एका थापेसरशी संपले. १९९१ सालचे ठिपके याच काजव्यांचे भाऊबंद होत, हे ज्यांना हा इतिहास ठाऊक होता त्यांना ओळखण्यास फार वेळ लागला नाही.

दुसरे असेच गाजलेले चित्रण फेब्रुवारी-मार्च १९९६ मधील ‘कोलंबिया’ यानाच्या मोहिमेचे. इटलीने तयार केलेला एक उपग्रह जवळजवळ वीस किलोमीटर लांबीच्या वाहक तारेला बांधून यानापासून दूर सोडण्याचा तो प्रयोग होता. २५ फेब्रुवारी रोजी ती तार तुटली आणि उपग्रहासह अवकाशात वाहत गेली. काही दिवसांनी ती दुरून जाताना यानातून टिपण्यात आली, तेव्हा तिच्या आसपास मध्यभागी भोक आणि कडेला खाच असलेल्या असंख्य चकत्या पोहताना दिसल्या. काही चकत्या तारेच्या मागून गेल्यासारख्या वाटत; तसे असेल तर त्यांचा व्यास कित्येक किलोमीटरांचा मानावा लागला असता. उलगडा येथेही भिंगापाशीच सापडला. कॅमेरा दूरच्या वस्तूवर स्थिर केला की अगदी जवळचा उजळ कण अस्पष्ट होऊन चकतीसारखा पसरतो, आणि त्या चकतीचा आकार कणाचा नसून भिंगाच्या अंतर्गत रचनेचा असतो. म्हणूनच सगळ्या चकत्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. तार तर अवघी अडीच मिलिमीटर जाडीची. ती पडद्यावर जाडजूड दिसली ती कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राहक पटलावर तिचा उजेड मावेनासा झाल्यामुळे. तेवढ्या भागात पटल आधीच प्रकाशाने भरून गेल्याने चकतीचा क्षीण उजेड तेथे उमटू शकला नाही, आणि चकती तारेमागे गेल्याचा भास झाला.

‘ठाऊक नाही’ हेही उत्तर असते

याचा अर्थ प्रत्येक दृश्याचा उलगडा झालाच आहे, असा मात्र नव्हे. आणि तसा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी-४’ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांना नळकांड्याच्या आकाराची, एक दांडा बाहेर आलेली वस्तू दिसली. अमेरिकन हवाई दलाच्या सांगण्यावरून कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा जो अभ्यास झाला, त्याने उडत्या तबकड्यांच्या दाव्यांना फारसा थारा दिला नाही; तरीही मॅकडिव्हिट यांचे निरीक्षण त्या अहवालाने अनुत्तरितांच्या यादीतच ठेवले. उलट १९७२ सालच्या ‘अपोलो-१६’ या चांद्रमोहिमेतील चित्रफितीत दिसणारी तबकडी कित्येक वर्षे गूढ मानली गेली होती; २००४ साली तिचे नव्या साधनांनी विश्लेषण झाले आणि ती यानाच्या बाहेर दांड्यावर बसविलेला दिवा असल्याचे निष्पन्न झाले. त्या फितीला ३२ वर्षे वाट पाहावी लागली. दरम्यानच्या काळात ‘हे परग्रहावरचे यान आहे’ असे म्हणणारा माणूस चुकत होता, आणि ‘हे काय आहे ते अद्याप कळलेले नाही’ असे म्हणणारा बरोबर होता.

या दोन विधानांतील अंतर ओळखणे हाच या विषयातला खरा धडा आहे. ‘न ओळखलेली वस्तू’ हे वस्तूचे वर्णन नव्हे, ते पाहणाऱ्याच्या माहितीचे वर्णन आहे. त्यातून एकदम परग्रहावरील संस्कृतीवर उडी घेणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हाही हीच उडी घेतली गेली होती. चमच्यातील दूध कमी होत होते, हे खरेच होते. पृष्ठताणामुळे ते मूर्तीच्या अंगावर ओढले जाऊन ओघळत होते, हे पाहण्यासाठी क्षणभर थांबण्याची तयारी मात्र नव्हती.

अविश्वासाचे मूळ

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सरकारी संस्थांच्या खुलाशांवर लोक विश्वास का ठेवीत नाहीत? याचे एक कारण असे की, त्या संस्था पूर्वी खोटे बोललेल्या आहेत. १९४७ साली न्यू मेक्सिकोतील रॉसवेलजवळ सापडलेले अवशेष हवामानाच्या फुग्याचे असल्याचे अमेरिकन लष्कराने सांगितले होते. ते सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांच्या मालिकेतील होते, हे हवाई दलाने मान्य केले १९९४ साली. ‘यू-२’ या हेरविमानाची उड्डाणे सुरू झाल्यावर अमेरिकेत उडत्या तबकड्यांच्या वार्ता वाढल्या आणि विमानाचे गुपित राखण्यासाठी अधिकाऱ्यांनी लोकांना भलतीच कारणे सांगितली, हे त्या देशाच्या गुप्तचर संस्थेच्या इतिहासकारानेच १९९७ साली लिहून ठेवले आहे. ज्या शासनाने एकदा फसविले, त्याच्या खऱ्या बोलण्याकडेही लोक संशयाने पाहतात. गुप्ततेची खरी किंमत ही अशी पुढल्या पिढ्यांना मोजावी लागते.

परंतु या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष नीट पाहिला पाहिजे. सरकारने लपविलेल्या गोष्टी खऱ्याच होत्या. पण त्या फुगे आणि विमाने होत्या. लपवाछपवीचा पुरावा हा परग्रहवासीयांचा पुरावा ठरत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, ‘डिस्कव्हरी’च्या चित्रणाचा वाद ‘नासा सांगते म्हणून’ मिटावा, अशी अपेक्षाच मुळी अवाजवी आहे. तो वाद ज्याच्या आधारे तडीस नेता येतो ते संस्थेचे वजन नसून तिच्या नोंदी आहेत. चित्रण थेट प्रक्षेपित होत होते, म्हणूनच ते लोकांच्या हाती पडले. सूर्योदयाची वेळ कोणालाही गणिताने काढता येते. इंजिनांच्या ज्वलनाच्या नोंदी तपासण्यास मिळाल्या. काशर यांना शंका घेता आली आणि ओबर्ग यांना तिचे निरसन करता आले, ते दोन्ही याच मोकळेपणामुळे. कोणत्याही कचेरीत आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनाला हे वेगळे सांगावयास नको. दहा वर्षांपूर्वीचा अर्ज आला होता की नव्हता, हे साहेबाच्या स्मरणावर ठरत नाही. तारीख आणि क्रमांक यांच्या नोंदीवर ठरते.

जेथे अशी नोंद अपुरी असते तेथे वाद लोंबकळत राहतो. जून २०२१ मध्ये अमेरिकन गुप्तचर खात्याने सादर केलेल्या अहवालात लष्करी सूत्रांकडून आलेल्या १४४ निरीक्षणांचा विचार झाला. त्यांतील केवळ एकाचा उलगडा खात्रीपूर्वक झाला आणि तो हवा निघून गेलेला एक मोठा फुगा होता. उरलेल्या १४३ घटना परग्रहवासीयांच्या खात्यावर जमा करण्याची घाई अनेकांनी केली. त्याच अहवालाने माहिती अपुरी असल्याचे म्हटले होते, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ‘नासा’ने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच मत अधिक स्पष्टपणे मांडले. समुद्रावरून विलक्षण वेगाने धावणाऱ्या वस्तूचे नौदलाच्या विमानातून घेतलेले एक प्रसिद्ध चित्रण या गटाने तपासले, तेव्हा ती वस्तू समुद्रालगत नसून सुमारे चार किलोमीटर उंचीवर होती आणि तिचा वेग ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरील वाऱ्याइतका होता, असे दिसून आले. वेग होता तो चित्रण करणाऱ्या विमानाचा. आगगाडीच्या खिडकीतून तारेचे खांब मागे धावताना पाहिलेल्या कोणासही हे समजण्यास अडचण पडू नये. हा हिशेब करता आला, कारण विमानाची उंची, वेग आणि कॅमेऱ्याचा कोन हे आकडे चित्राच्या कडेलाच छापलेले होते.

चंद्रपूरचे कडे आणि चंद्रावरचा ‘विक्रम’

महाराष्ट्रालाही या विषयाचा ताजा अनुभव आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात आणि राज्याच्या इतर भागांत आकाशातून पेटत्या रेषांचा एक जथा जाताना असंख्य लोकांनी पाहिला. कोणी उल्का म्हटले, कोणी विमानाचा अपघात म्हटले, आणि तर्कांना सीमा राहिली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले; परिसरात धातूचे गोळेही सापडले. अवकाशातील वस्तूंच्या कक्षांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला, आणि २०२१ साली चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च’ अग्निबाणाचा एक टप्पा वातावरणात शिरून जळाला असल्याचा निष्कर्ष काढला. कोणीतरी दूर देशी बसून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रत्येक अवशेषाची वही लिहीत होता, म्हणून लाडबोरीच्या कड्याला काही दिवसांतच नाव मिळाले. ती वही नसती तर त्या कड्याचीही एक दंतकथा झाली असती.

उघड्या नोंदींचे दुसरे फळ याहून अभिमानास्पद आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्रावर उतरताना निकामी झाला आणि त्याचा ठावठिकाणा लागेना. अमेरिकेच्या चांद्रप्रदक्षिणा करणाऱ्या यानाने त्या भागाची छायाचित्रे सर्वांसाठी प्रसिद्ध केली. चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने आपल्या घरी बसून जुनी आणि नवी छायाचित्रे ठिपक्याठिपक्याने ताडून पाहिली आणि ‘विक्रम’चा पहिला अवशेष शोधून काढला, डिसेंबरमध्ये ‘नासा’ने त्याला जाहीर श्रेय दिले. येथेही एक माणूस अवकाशातील चित्रातले ठिपकेच पाहत होता. फरक एवढाच की, त्याने आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र यांची तुलना केली, आपले अनुमान तपासणीसाठी दुसऱ्यांपुढे ठेवले आणि पडताळा मिळेपर्यंत वाट पाहिली.

परग्रहावर जीवसृष्टी असण्याची शक्यता मनात आणणेच अवैज्ञानिक आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. कै. जयंत नारळीकर यांनी विज्ञानकथांतून ही कल्पना रंगविली, आणि प्रयोगशाळेतही तिचा पाठपुरावा केला. २००१ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याच्या साहाय्याने ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले, २००५ मध्ये तो प्रयोग पुन्हा झाला, आणि या दुसऱ्या खेपेस पूर्वी अज्ञात असलेल्या तीन जिवाणूंचा शोध लागल्याचे २००९ मध्ये ‘इस्रो’ने जाहीर केले. हे जिवाणू बाहेरून आले असावेत, असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! परंतु यावरून त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे त्याच निवेदनात नमूद होते. आशा मोठी ठेवावी आणि दावा पुराव्याएवढाच करावा, ही ती शिस्त होय. उडत्या तबकड्यांच्या कैवाऱ्यांनी आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी, दोघांनीही ती अंगी बाणविण्यासारखी आहे.

या शिस्तीची गरज येथून पुढे वाढणार आहे. भारताने स्वतःच्या यानातून माणूस अवकाशात पाठविण्यासाठी ‘गगनयान’ मोहीम आखली आहे. त्या यानाच्या खिडकीबाहेरही हिमकण तरंगतील, कॅमेऱ्याच्या भिंगावर प्रकाशाच्या चकत्या उमटतील आणि ते चित्रण क्षणार्धात कोट्यवधी फोनवर पोहोचेल. मूळ चित्रणाला कात्री लावून, गती बदलून, भीतिदायक संगीत जोडून त्याच्या प्रती फिरविणारेही असतीलच. ‘ध’चा ‘मा’ करण्यास आता लेखणीही लागत नाही. अशा वेळी घाईने काढलेले खंडनाचे पत्रक उपयोगी पडणार नाही. चांद्रमोहिमांची शास्त्रीय माहिती ‘इस्रो’ने अभ्यासकांसाठी खुली केली आहे, ही स्तुत्य गोष्ट होय. हाच पायंडा मानवी उड्डाणांनाही लावावा. अखंड चित्रण, त्यावर अचूक वेळ, यानाचे स्थान, कॅमेऱ्याची दिशा आणि इंजिनांच्या ज्वलनाची नोंद हे सर्व प्रारंभापासून लोकांसाठी उपलब्ध असावे. ज्याला शंका आहे त्याला ती तपासण्याचे साधन देणे, हाच अफवेवरचा टिकाऊ उपाय आहे. वृत्तपत्रांनीही ‘परग्रहवासी आले!’ असे मथळे सजविण्यापूर्वी मूळ चित्रण पाहिले आहे काय, एवढे तरी स्वतःस विचारावे.

उरला तो वर्गातील विद्यार्थ्याचा प्रश्न. शिक्षकाने त्याला ती चित्रफीत अवश्य दाखवावी. एकदा नव्हे, चार वेळा दाखवावी. सूर्य कोठे आहे, कॅमेरा कोठे आहे, ठिपक्याचे अंतर कशावरून ठरविले आणि आधीच्या क्षणी काय घडले, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत, त्रैराशिक मुलांकडूनच सोडवून घ्यावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. त्यातील एखाद्या मुलाला उत्तर पटले नाही, तर काय मिळाले म्हणजे पटेल, हे त्याने वहीत लिहून आणावे. पुढे तेच मूल एखाद्या बुवाच्या चमत्कारापुढे, निवडणुकीतल्या बनावट चित्रापुढे किंवा दुप्पट पैशांच्या आमिषापुढे उभे राहील, तेव्हा अवकाशातील त्या ठिपक्यावर खर्च केलेला तास व्यर्थ गेला नव्हता, याची प्रचीती येईल.